ॲना डाबरेची स्वतःची चूक

ॲना डाबरेला अमेरिका बघायची हौस कधीच नव्हती. तिने अमेरिकेची स्वयंपाकघरं पाहिली होती आणि तिच्या मते माणसं ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. स्वयंपाकघरं म्हणजे विमानातली. शारजा आणि दुबई, दोन्ही विमानतळांवरच्या विमानांना जेवण पुरवणारं एक मोठं फ्लाइट किचन शारजात आहे, तिथल्या अमेरिकन डेस्कची ती सुपरवायझर. अमेरिकन कंपनीचं विमान माणसं घेऊन आलेलं असो की खोकी, परत जाताना त्यात कुठलं जेवण चढणार, ते कुठल्या खणात बसणार आणि कुठल्या ओव्हनमध्ये गरम होणार, हे ॲना ठरवायची. त्यात तिला विचारलेलंही आवडायचं नाही.

बाई वसईजवळच्या गास गावची. अंगाने आडवी, आवाजाने खणखणीत. भांडायला तिला कारण लागत नाही असं किचनमधले लोक म्हणायचे, पण ते खोटं आहे. कारण लागायचं, फक्त ते तिला चटकन सापडायचं. बिल्डिंगच्या वॉचमनशी तिचं पार्किंगवरून होतं, यार्मुकच्या चर्चमध्ये कॉयरमधल्या बाईशी सुरावरून होतं, आणि नवरा क्रिस खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला असल्यामुळे त्याच्याशी फक्त शनिवार-रविवारी होतं. 'सॉरी' हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडायला फार वेळ घ्यायचा, आणि पडलाच तरी ऐकणाऱ्याला तो आपल्यावरच ओरडल्यासारखा वाटायचा.

अमेरिकन डेस्क तिने स्वतः उभा केला होता. ती लागली तेव्हा बायकांनी आत बसून ट्रे लावायचे आणि पुरुषांनी हाय-लोडरवर, म्हणजे त्या वर उचलल्या जाणाऱ्या ट्रकवर चढून विमानात जायचं, अशी वहिवाट होती. ॲना सरळ ट्रकवर जाऊन उभी राहिली. खाली उतर म्हणाले, तर म्हणाली, "जेवण मी लावलंय, ते कुठे जातंय हे मीच बघणार." तिला उतरवण्यापेक्षा ट्रक वर उचलणं ड्रायव्हरला सोपं वाटलं. त्या दिवसापासून ती विमानात शिरू लागली आणि जे दिसेल ते लिहून ठेवू लागली. नव्याने लागलेली पोरं चुकीच्या विमानात चुकीची ट्रॉली ढकलायची, त्यांच्यासाठी तिने एकेका कंपनीचं एकेक पान तयार केलं. कंपनी कोणती, तिच्या ताफ्यात विमानं कुठली, आणि त्या विमानांना खाऊ कसं घालायचं.

ती पानं वाचायला मजा यायची, कारण ती ॲना बोलते तशीच लिहिलेली होती. मॅग्नोलिया एअरवेजच्या पानावर होतं: "प्रवासी कंपनी. ताफा ट्रिपल सेव्हनचा. गॅली, म्हणजे आतलं स्वयंपाकघर, नवी, चकचकीत, पण खण अरुंद. जुनी ट्रॉली ढकललीत तर अडकेल आणि एअरहोस्टेस तुम्हाला हसेल. हसायची संधी देऊ नका." थ्री रिव्हर्स एअर फ्रेटच्या पानावर: "फक्त माल. ताफा जंबोंचा. हे विमान नाक वर करून सामान आत घेतं. पायलट वरच्या मजल्यावर बसतात आणि तिथे शिडीने चढावं लागतं. यांना सूप देऊ नका. मागे दिलं होतं, ते शिडीनेच प्यायलं." आणि ब्लूस्टेम कार्गो ही तिची सगळ्यात लाडकी कंपनी: "छोटी आहे पण नीटनेटकी. सगळी विमानं सेव्हन-सिक्स-सेव्हन, सगळी आधी माणसं नेणारी होती, नंतर मालाला लावली. बुजवलेल्या खिडक्यांच्या खुणा बाहेरून अजून दिसतात. ओव्हन एकच. त्याचा उजवा कोपरा गार राहतो, भात डाव्या बाजूला ठेवा."

या सगळ्याच्या आधी, पहिल्या पानावर, जाड अक्षरांत एकच नियम होता. दोन पायलटांना एकसारखं जेवण कधीही द्यायचं नाही. एकाला चिकन तर दुसऱ्याला मासे, एकाला मासे तर दुसऱ्याला भाजी. म्हणजे एखादा पदार्थ बाधलाच तर एकाचंच पोट बिघडेल आणि दुसरा विमान खाली उतरवील. खाली ॲनाची पुस्ती होती: "हे विसरणाऱ्याने माझ्या डेस्कवर येऊ नये."

मग निखिल कारखानीस मॅनेजर म्हणून आला. पुण्याचा, हुशार, गोड बोलणारा, ॲनापेक्षा बराच लहान. त्याने ही पानं वाचली आणि हेड ऑफिसला पाठवली. शिडीने प्यायलेलं सूप गाळलं, हसणारी एअरहोस्टेस गाळली, विमानांचे रंगीत फोटो टाकले, आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं हँडबुक किचनमध्ये आलं. मुखपृष्ठावर लिहिलेलं होतं, संकलन: निखिल कारखानीस. त्याला त्या वर्षीचं बक्षीस मिळालं. ॲनाला खजुराचा डबा मिळाला.

"टीम एफर्ट आहे ना हा, ॲनाताई," तो म्हणाला होता.

"टीमचं नाव कारखानीस आहे हे मला माहीत नव्हतं, सर," ॲना म्हणाली. खजूर मात्र तिने खाल्ले, कारण खजुरांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. त्यानंतर किचनमध्ये जो कोणी पाच मिनिटं तिच्याजवळ उभा राहील त्याला ती ही हकिगत ऐकवायची. लोक माना डोलवायचे आणि निघून जायचे. पुस्तकावर नाव छापलेलं होतं, तोंडी तक्रारीला कोण विचारतो?

आता त्या गुड फ्रायडेबद्दल. ॲना ड्यूटीवर होती. उपवासकाळ तिने कडक पाळला होता, आणि त्या दिवशी तर सकाळपासून पोटात फक्त पेज होती. गासच्या घरी गुड फ्रायडेला मासे चालायचे, पण मटणाचं भांडं माळ्यावर जायचं, चुकून नजरेलासुद्धा पडू नये म्हणून. आणि इथे तिच्यासमोर चिकनचे ट्रे ओळीने मांडलेले. ती नाक मुरडून काम करत होती.

दुपारी ब्लूस्टेमचं युरोपला जाणारं विमान होतं. कॅप्टन ड्वायर. हा थोराड, शांत माणूस ॲनाच्या ओळखीचा होता, आणि उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, ती विमानात जेवण द्यायला चढली तेव्हा त्याच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. तिच्याही होता. दोघांनी एकमेकांच्या कपाळाकडे पाहिलं होतं आणि मान हलवली होती, तेवढंच. पण परदेशात एवढं पुरतं. ॲनाने तेव्हापासून त्याला आपला माणूस मानलं होतं.

मरियमबी ट्रेवर स्टिकर लावत होती. ही हैदराबादची, मॅनपॉवर कंपनीतर्फे कंत्राटावर आलेली. कामाला चलाख, स्टिकर मात्र नेहमी वाकडं लावणार. त्यावरून ॲनाचं आणि तिचं रोज वाजायचं.

"मॅडम, कॅप्टन साब का चिकन हैना?" मरियमबीने विचारलं.

ॲनाने ट्रेकडे पाहिलं. गुड फ्रायडेला, राखेचा क्रूस लावणाऱ्या माणसाच्या पुढ्यात चिकन? आकाशात बिचारा एक तर उपाशी राहील नाहीतर पाप करील. तिचा जीव कळवळला. "चिकन काढ. आज फिश दे उसको," ती म्हणाली.

"पक्का, मॅडम?"

"पक्का. यल्ला, गाडी खडी है."

दुसऱ्या पायलटला आधीच मासे लावलेले होते. हे तिच्या डोक्यातच आलं नाही. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर ॲनाने त्याला किचनभर फिरवलं असतं. मरियमबीने मुकाट्याने दोन्ही ट्रेवर स्टिकर लावलं, वाकडंच, खाली आपल्या नावाची अक्षरं घातली, आणि जेवण गेलं.

विमान उडाल्यावर दोघा पायलटांनी ट्रे उघडले. कॅप्टन ड्वायरने बहुधा मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि मासे खाल्ले. दुसरा पायलट तरुण होता आणि नियमाला पक्का. कॅप्टनने जे खाल्लं ते मी खाणार नाही म्हणाला, आणि युरोप येईपर्यंत बिस्किटांवर राहिला. कोणाचं पोट दुखलं नाही. पण उपाशी माणूस तक्रार फार मुद्देसूद लिहितो. सोमवारी ब्लूस्टेमचं ईमेल आलं. हे कसं झालं, कोणी केलं, आणि तुम्ही काय कारवाई केली, याचं उत्तर द्या. कंत्राटाचं नूतनीकरण तोंडावर होतं.

निखिलने ॲनाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ॲनाताई, काळजी करू नका. मी बघितलंय सगळं," तो हळू आवाजात म्हणाला. "स्टिकरवर मरियमबीचं साइन आहे. पेपरवर मिस्टेक तिची आहे. तिचं कॉन्ट्रॅक्ट आपण क्लोज करू, ब्लूस्टेमला तसं रिप्लाय करू, खलास. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"पण तिने मला विचारलं होतं, सर. मी सांगितलं फिश दे."

"ते मला नाही ऐकायचंय."

"का नाही ऐकायचं?"

निखिलने कपाळ चोळलं. "कारण ब्लूस्टेमला मी काय सांगू? आमच्या सीनियर सुपरवायझरने, सगळ्यात सीनियर, पहिल्या पानावरचा रूल मोडला? का, तर गुड फ्रायडे होता म्हणून? ते हसतील, नाहीतर जातील. तुम्हाला टर्मिनेट करायला सांगितलं तर? तुमच्या मरिसाचं ट्वेल्थ आहे ना यंदा? उद्या त्यांचा कॉल आहे. तुम्ही फक्त शांत बसा. इन्शाल्ला सगळं निभावेल."

एखादी बाई यावर गप्प बसली असती, आणि तिला कोणी नावं ठेवली नसती. नोकरी म्हणजे व्हिसा, व्हिसा म्हणजे मुलीची शाळा, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ॲना तिथून निघाली तेव्हा तिच्या मनात हे सगळं होतं. ती घाबरली होती. भांडकुदळ माणसंही घाबरतात, फक्त त्यांच्याकडे पाहून ते कळत नाही.

ट्रे लावायच्या टेबलाशी मरियमबी उभी होती. तिला कुणीतरी कुजबुजत सांगितलेलं असावं, कारण आज ती हसत नव्हती आणि स्टिकर सरळ लावत होती. एकेक स्टिकर बोटाने चेपून, कडेला कड जुळवून. ॲनाने ते पाहिलं. तिला मरियमबी फार आवडायची असंही नाही. पण हिने आता स्टिकर सरळ लावून काय उपयोग होता?

घरी तिने मुलीला सांगितलं. मरिसा सोफ्यावर पाय घेऊन बसली होती.

"मम्मा, जस्ट से सॉरी," मरिसा म्हणाली. "व्हाय इज इट सो हार्ड फॉर यू?"

"मी सॉरी म्हणायला तयार आहे गं! पण ते मला म्हणूच देत नाहीत. माझं सॉरी ते दुसरीच्या गळ्यात बांधतायत."

मग तिने खोर फक्कानला क्रिसला फोन लावला. क्रिसने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या मागे क्रेनचा भोंगा वाजत होता.

"गप्प बस म्हटलं तर बसशील?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला विचारतेस? तुझं आधीच ठरलंय."

"ठरलं नाही, क्रिस. मला भीती वाटतेय."

क्रिस भोंग्यापासून लांब गेला. मग म्हणाला, "हे बघ, गेली नोकरी तर गेली. मरिसाचा व्हिसा माझ्यावर करता येईल. घर चालेल कसंतरी. पण तू ही गोष्ट गिळलीस ना, तर आयुष्यभर रोज मला ऐकवशील. ते मला नाही झेपणार."

ॲना रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी कॉल होता. टेबलाच्या टोकाला पडदा, पडद्यावर ब्लूस्टेमच्या क्वालिटी विभागाची एक पिकल्या केसांची अमेरिकन बाई. या बाजूला निखिल, ॲना आणि एचआरची सफा. सफा लेबनॉनची, टापटिपीची, एकेक शब्द तोलून लिहिणारी. निखिलने सुंदर इंग्रजीत सुरुवात केली. आम्ही सखोल चौकशी केली आहे, संबंधित कर्मचारी कंत्राटी आहे, तिची सेवा—

"नो," ॲना म्हणाली.

निखिल थांबला. अमेरिकन बाईने चष्मा वर सरकवला.

"दॅट लेडी आस्क्ड मी," ॲना म्हणाली. इंग्रजी तिला चांगलं यायचं, पण रागात ते वसईच्या रस्त्याने चालायचं. "शी आस्क्ड मी टू टाइम्स. आय सेड, गिव्ह फिश. मिस्टेक इज माइन."

"तुम्हाला नियम माहीत नव्हता का?" पडद्यावरच्या बाईने विचारलं.

"माहीत होता. पहिल्या पानावर आहे."

"मग?"

मग ॲनाने सांगितलं. राखेचा बुधवार, कॅप्टनच्या कपाळावरचा क्रूस, गुड फ्रायडे, चिकन. निखिलने डोळे मिटून घेतले. अमेरिकन बाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, मला समजतं, माझी आई असंच करत असे. पण नियम तो नियम. ज्या व्यक्तीने चूक केली तिच्यावर लेखी कारवाई हवी, तिच्या नावानिशी, आणि तिची प्रत मला आज संध्याकाळपर्यंत हवी. दुसऱ्या कोणाच्या नावाची नको. आणि पडदा काळा झाला.

सफाच्या केबिनमध्ये निखिलचा तोल गेला. इतक्या वर्षांत कोणी त्याला चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. सफाला कळावं म्हणून तो इंग्रजीत ओरडत होता. नुसती वॉर्निंग नाही, कडक वॉर्निंग द्या. हिला तीन महिने अमेरिकन डेस्कवरून काढा, खाली ट्रॉल्या धुवायला पाठवा. नवीन पोराने केलं असतं तर समजलं असतं. हिला माहीत नव्हतं असं ही म्हणूच शकत नाही. ते हँडबुक हिनेच तर लिहिलंय!

सफा समोर वॉर्निंगचं पत्र टाइप करत होती. तिने तो मुद्दाही टाइप केला, कारण मुद्दा बिनतोड होता.

निखिलच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला. "नाही, म्हणजे, ते वाक्य नको," तो म्हणाला.

"का नको?" ॲना म्हणाली. "अगदी बरोबर बोललात, सर. तेच घाला."

सफाने तिच्याकडे काळजीने पाहिलं. "हबीबती, हे वाक्य तुझ्याच विरोधात जातं. स्वतः नियम लिहून स्वतः मोडला. याने तुझा गुन्हा मोठा होतो."

"होऊ दे मोठा. माझाच आहे. ते वाक्य राहिलं तर मी आत्ता सही करते. काढलंत तर करणार नाही, मग संध्याकाळी अमेरिकेला काय पाठवायचं ते तुम्ही बघा."

निखिल खुर्चीत बसला. मग तो मराठीत, हळूच म्हणाला, "ॲनाताई, मुद्दाम करताय ना हे?"

"चूक मुद्दाम नव्हती केली, सर. हे मात्र मुद्दाम करतेय."

पत्र छापून आलं. ॲनाने सही केली, ठळक, कागद फाटेल इतकं पेन दाबून. खाली मॅनेजरची सही लागायची. निखिलने घड्याळाकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, आणि केली.

मरियमबी आपल्या टेबलावर राहिली. तिची स्टिकर आठवड्याभरात पुन्हा वाकडी लागू लागली आणि त्यावरून तिचं नव्या सुपरवायझरशी वाजू लागलं. ॲना खाली गेली, जिथे ट्रॉल्या धुतात. वाफ, साबण, ओले बूट, आणि दिवसभर भांड्यांचा खडखडाट. अमेरिकन डेस्क गेला याचं तिला दुःख झालं, आणि ते तिने लपवलं नाही. वर ब्लूस्टेमचं विमान आलं की ती हातातलं काम थांबवून आवाज ऐकायची आणि शेजारच्याला सांगायची, "सेव्हन-सिक्स-सेव्हन. आपलंच आहे." तीन महिन्यांनी डेस्क परत मिळेल का, याचं उत्तर कोणी देत नव्हतं.

पण खाली जाताना तिने एक गोष्ट केली. वॉर्निंगचं पत्र लॅमिनेट करून घेतलं, पाण्याने खराब होऊ नये म्हणून, आणि धुलाईच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावलं. लोक वॉर्निंग कपाटात दडवतात. ॲनाने ती देवाच्या तसबिरीसारखी लावली.

आणि वरची पोरं खाली येतच राहिली. हँडबुकात फोटो होते, पण कुठल्या विमानात ट्रॉली अडकते आणि पोर्‍याने काय करायचं हे गाळलेल्या ओळींमध्ये गेलं होतं. एक दिवस एक नवा मुलगा ते गुळगुळीत पुस्तक हातात घेऊन आला. थ्री रिव्हर्सच्या विमानात सूप चालेल का, हे यात कुठेच नाही, म्हणाला. ऊपर बोले, नीचे मॅडम को पूछो.

ॲनाने पाण्याचा पाइप बंद केला. त्याच्या हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे एकदा पाहिलं, आणि ओल्या बोटाने भिंतीकडे खूण केली. "पहले वो पढ. जोर से."

मुलगा अडखळत वाचू लागला. श्रीमती ॲना डाबरे यांना लेखी ताकीद देण्यात येते, की त्यांनी हँडबुकच्या पहिल्या पानावरचा नियम मोडला. सदर हँडबुक त्यांनी स्वतःच लिहिलेलं असल्यामुळे, नियम माहीत नव्हता असं त्यांना म्हणता येणार नाही.

"और नीचे?" ॲनाने विचारलं. "साइन किसका है?"

मुलगा वाकला आणि सही वाचू लागला. मग त्याने हातातलं पुस्तक उलटं करून मुखपृष्ठावरचं नाव पाहिलं, आणि पुन्हा भिंतीवरचं.

"निखिल कारखानीस," तो म्हणाला.

"बरोबर," ॲना म्हणाली. "अब बोल, सूप का क्या पूछ रहा था?"